परत उभा का राहिलो नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, मयतीत, सोसायटीच्या दारात, कुठंही भेटलं की एकच. "साहेब, आमदारकीला परत उभं का राहिला नाहीसा? घाबरलासा की पैसं संपलं?" आता एकदाच लिहून टाकतो.

काम केलं नाही असं कुणी म्हणू नका. आमदार फंड तेव्हा वर्षाला 2 कोटी, त्यातला रुपयान् रुपया पाणंदी आणि शाळेच्या खोल्यांना गेलाय. पण त्या फंडातनं शेतीपंपाची रात्रीची लाईट दिवसा करता येत नाही, आणि मी निवडून आलो होतो तो दिवसाच्या लाईटीवरच. भोगावतीकाठच्या माणसाला सांगायला नको, एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री दहा तास, आणि रात्री उसात जातं कोण, तर घरातलं तरणं पोरगं.

आमच्या भावकीतलं असंच गेलं. नागपूरचं अधिवेशन चालू होतं, पहाटे फोन आला. दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी सोडायला गेलेलं, पोटरीला घोणस चावली, हातात बॅटरी होती पण आडसाली ऊस डोक्याला लागल्यावर सरीत काय दिसतंय. कोल्हापूरला नेईपर्यंत संपलं. मी पोचलो ते थेट रक्षाविसर्जनाला. बाप लाईटीबद्दल एक शब्द बोलला नाही, त्यानं विचारलं, अपघात विम्याचं काय हुईल? सातबारा बापाच्या नावावर, आणि सरकारचा शेतकरी अपघात विमा तेव्हा खातेदारालाच होता, त्याच्या पोराला नाही. मी ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी मेलो असतो तर एक लाख मिळालं असतं?"

मी आमदार. चार माणसं बघत होती. मी गप्प.

पुढच्या अधिवेशनाला तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. रात्री पाणी पाजताना सर्पदंशानं माणसं मरतात, हे खरे आहे काय; असल्यास दिवसा वीज कधी देणार; नसल्यास विलंबाची कारणे काय. छापील उत्तर आलं, चक्राकार पद्धतीने पुरवठा सुरू आहे, आणि शेवटी, प्रश्न उद्भवत नाही. उपप्रश्नाला उठायच्या आत तास संपला. तो कागद घेऊन मी त्या घरात जाऊ शकलो नाही, आणि त्याच घरात परत मत मागायला कसा जाणार होतो? घाबरलो म्हणा हवं तर, पण कशाला ते तरी बघा.

तरी मनात भांडण आहेच. सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली, दिवसाच्या लाईटीसाठीच. 2019 ला अपघात विम्यात खातेदाराच्या घरातल्या एकाला घेतलं. जुना मी म्हणतो, बघ, बदलतं की, खुर्चीवर चिकटून बसला असतास तर दोन वर्षं आधी झालं असतं. मी म्हणतो, 288 मधला एक माणूस काय करणार? तो म्हणतो, मग निवडून कशाला आलास?

याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण पैसं संपलं नव्हतं, एवढं तरी यापुढं बोलू नका.