रक्तगटावरून डाग कोणाचा नाही, एवढंच कळतं

घटनास्थळी ए गटाचं रक्त सापडलं आणि संशयिताचा गटही ए निघाला, की गुन्हा सिद्ध झाल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात तो ए गटाच्या कोट्यवधी माणसांपैकी एक ठरतो, इतकंच. गट बी निघाला तर तो डाग त्याचा नाही, हे मात्र ठामपणे सांगता येतं. अर्थात तपासणी चोख झाली असेल तर! आणि संशयिताच्या शर्टावरचा डाग तपासताना मृताचा आणि त्याचा गट एकच असेल, तर गटावरून काहीच ठरत नाही.

डाग वाळला की लाल पेशी फुटतात, त्यामुळे ताज्या रक्तासारखी काचपट्टीवर थेट तपासणी करता येत नाही. पण ए, बी आणि एच ही प्रतिजनं, म्हणजे लाल पेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा (ओ गटात यांपैकी फक्त एच असते), धाग्याला चिकटून राहतात. म्हणून डागातले काही मिलिमीटर लांबीचे धागे घेऊन ते मिथेनॉलने पक्के करतात आणि वेगवेगळ्या नळ्यांत अँटी-ए, अँटी-बी, अँटी-एच ही अँटीसिरम (त्या त्या प्रतिजनाला चिकटणारी प्रतिपिंडं असलेले द्रव) घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवतात. मग बर्फगार सलाइनने पाच-सहा वेळा धुतात. त्यानंतर ताज्या सलाइनमध्ये साधारण ५५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवलं, की धाग्याला धरलेली प्रतिपिंडं सुटतात. त्यात ज्ञात गटाच्या लाल पेशी घालून सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या शोधायच्या; ज्या नळीत त्या दिसतील, त्या नळीचं प्रतिजन डागात आहे.

सगळी गोम धुण्यात आहे. कमी धुतलं तर उरलेल्या अँटीसिरममुळे सगळ्याच नळ्यांत गुठळ्या दिसतात. सलाइन कोमट असेल तर प्रतिपिंडं धुण्यातच निघून जातात, आणि ए गटाचा फिका डाग ओ वाटू शकतो. म्हणून अँटी-ए, अँटी-बीच्या नळ्या कोऱ्या राहिल्या म्हणून ओ लिहू नये, अँटी-एचच्या नळीत गुठळ्या दिसायलाच हव्यात. दोघांचं रक्त मिसळलं असेल तर ए आणि बी मिळून एबी दिसतं. बहुतेक माणसांच्या घामातही ही प्रतिजनं असतात, म्हणून त्याच कापडाचा डाग नसलेला धागा सोबत तपासलाच पाहिजे.

चुकीच्या वगळण्याची किंमत फार मोठी असते. सोव्हिएत रशियातल्या रोस्तोव्हमध्ये १९८४ साली पकडलेल्या आंद्रेई चिकातिलोचा रक्तगट ए होता, तर मृतांवर सापडलेल्या वीर्याचा गट एबी नोंदवला गेला होता. खुनांच्या संशयातून तो सुटला आणि १९९० मध्ये पुन्हा पकडला जाईपर्यंत खून करत राहिला.