क्लिप न दिसणाऱ्या मेलमधली पीडीएफ

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. ऑफिसात मी एकटीच, त्यामुळे बिलं, डिस्पॅच, मेल सगळं माझ्याकडे. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका गिऱ्हाइकाकडून हॉटेलच्या टॉवेलची ऑर्डर आली. मेलमध्ये एकच ओळ होती, "सोबत स्पेसिफिकेशन पाहावे." सोबत काहीच नव्हतं, क्लिपची खूणसुद्धा नाही.

परत पाठवायला सांगितलं, परत तसाच आला. तिकडचे म्हणाले, "आमच्या मोबाइलवर दिसतंय की." शेवटी त्यांनी व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो टाकला, त्यात आकडे पुसट. माप ३० बाय ६० इंच एवढं कळलं, पण जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचं वजन ग्रॅममध्ये, ४५० की ५०० ते कळेना. या मापाला ५० जीएसएमचा फरक म्हणजे नगामागे ५८ ग्रॅम. तिथे अंदाज चालत नाही. एव्हाना त्यांचं ऑफिस बंद झालं होतं आणि मशीन लावून देणारे जॉबर अण्णा दारात येऊन दोनदा विचारून गेले होते, "ताई, मशीन कितीवर लावू?"

आमच्याकडे मेलसाठी थंडरबर्ड आहे. आधी नेहमीचे उपाय केले. अटॅचमेंट मेलमध्येच दाखवण्याचा पर्याय चालू केला, फोल्डर रिपेअर केलं, ॲड-ऑन बंद करून प्रोग्रॅम पुन्हा उघडला. काही फरक नाही.

मग यादीतल्या आकाराच्या रकान्याकडे लक्ष गेलं. एका ओळीचा मेल आणि आकार २.७ एमबी! एवढं वजन कशाचं? कंट्रोल आणि यू दाबून मेलचा मूळ मजकूर उघडला. खाली पानंच्या पानं अगम्य अक्षरं. मेलमधून फाइल जाते ती बेस ६४ पद्धतीने, म्हणजे तीन बाइटची चार अक्षरं होऊन. म्हणून २ एमबीची फाइल मेलमध्ये २.७ एमबी भरते. त्या अक्षरांची सुरुवात जे, व्ही, बी, ई, आर अशी होती, आणि पीडीएफ फाइल बेस ६४ मध्ये नेहमी अशीच सुरू होते. अगदी शेवटी भाग वेगळे करणारी बाउंडरीची ओळ होती आणि तिच्या टोकाला दोन आडव्या रेघा. त्या रेघा असल्या की मेल शेवटपर्यंत उतरलाय असं समजायचं. फाइल दुपारपासून माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होती!

दोष सापडला वरच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलची माहिती देणाऱ्या सुरुवातीच्या ओळींमध्ये. तिथे कंटेंट-टाइप, म्हणजे मजकुराचा प्रकार, 'मल्टिपार्ट ऑल्टरनेटिव्ह' लिहिला होता. याचा अर्थ, खालचे सगळे भाग एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं आहेत, त्यातलं जमेल ते एक दाखव. साधा मजकूर आणि त्याचंच सजवलेलं एचटीएमएल रूप अशा जोडीसाठी ते बरोबर आहे. पण पीडीएफही त्याच जोडीत कोंबली होती. थंडरबर्डने एक रूप दाखवलं आणि बाकीचं सोडून दिलं. फाइल सोबत असेल तर तिथे 'मल्टिपार्ट मिक्स्ड' हवं.

मेल ईएमएल फाइल म्हणून डेस्कटॉपवर सेव्ह केला, त्याची एक प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडली आणि 'ऑल्टरनेटिव्ह' हा एक शब्द खोडून 'मिक्स्ड' लिहिलं. बाउंडरीच्या ओळींना अजिबात हात लावला नाही, तिथे एक अक्षर हललं तर सगळे भाग एकमेकांत मिसळतात. सेव्ह करून डबल क्लिक केलं आणि खाली क्लिप दिसली. दोन पानांची पीडीएफ, दुसऱ्या पानावर स्वच्छ ५००. अण्णांना तिथूनच हाक मारून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवाल्यांना त्या हेडरचा फोटो पाठवला. त्यांच्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमधून मेल आपोआप बनत होते. त्यांनी बाहेरचं वेष्टण मिक्स्ड केलं, आत मजकुराची जोडी ऑल्टरनेटिव्ह ठेवली. त्यानंतरचा मेल क्लिपसकट आला.

पण मला स्वस्थ बसवेना. त्यांचे जुने मेल आकाराप्रमाणे लावून पाहिले. क्लिप नाही पण वजन मोठं, असे तीन निघाले. त्यातल्या एकात मार्चची पॅकिंगची सूचना होती. ती मिळालीच नाही, असं मी तेव्हा त्यांच्या पर्चेसच्या मॅडमना ठासून सांगितलं होतं. त्यांना लगेच फोन केला आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही पाठवली होती. आमच्याकडे आलीही होती."