पर्जन्यनोंद प्रोग्रॅम: सेटिंग्ज फाइलमध्ये जतन करण्याचा टप्पा

पावसाची रोजची नोंद ठेवणाऱ्या माझ्या जावा प्रोग्रॅममध्ये केंद्राचे नाव, नोंदीची वेळ आणि नोंदी ठेवायचा फोल्डर ही माहिती आतापर्यंत प्रत्येक वेळी नव्याने भरावी लागत असे. आता प्रोग्रॅम बंद करताना ती फाइलमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी तेथूनच वाचली जाते. त्यासाठी जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून असलेला ‘प्रॉपर्टीज’ हा नाव-मूल्य अशा जोड्या ठेवणारा क्लास वापरला आहे. एवढ्याशा सेटिंग्जसाठी डेटाबेस किंवा बाहेरची लायब्ररी आणणे मला अनाठायी वाटले. अट एकच ठेवली होती, की फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही वाचता आणि बदलता यावी.

या अटीची खरी परीक्षा देवनागरीत होते. या क्लासच्या ‘स्टोअर’ या फाइलमध्ये लिहिणाऱ्या मेथडला आउटपुटस्ट्रीम (बाइट लिहिण्याचा मार्ग) दिला, तर ती आयएसओ ८८५९-१ या लॅटिन अक्षरांपुरत्या एन्कोडिंगमध्ये लिहिते आणि त्यात न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार हेक्साडेसिमल (सोळा-आधारी) अंक टाकते. ‘आंबोली’ या नावात सहा युनिकोड चिन्हे आहेत, म्हणजे फाइलमध्ये ३६ अक्षरांची माळ उमटते. प्रोग्रॅम ती बिनचूक वाचतो, पण नोटपॅडमध्ये पाहणाऱ्याला तिचा काहीच बोध होत नाही. जावा ६ पासून याच मेथडला रायटर (अक्षरे लिहिण्याचा मार्ग) आणि फाइल वाचणाऱ्या ‘लोड’ मेथडला रीडर देता येतो; दोन्ही यूटीएफ-८ या देवनागरीही सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये उघडले की नाव जसेच्या तसे राहते. एन्कोडिंगचा उल्लेख दोन्हीकडे स्पष्टपणे केला आहे, कारण यूटीएफ-८ सर्व प्रणालींवर डीफॉल्ट झाले ते जावा १८ मध्ये. गंमत अशी, की रायटर दिला तरी ‘स्टोअर’ला दिलेली मराठी टिप्पणी मात्र त्याच आकडेमोडीत रूपांतरित होते. म्हणून टिप्पणीची ओळ मी ‘स्टोअर’च्या आधी रायटरवर थेट लिहितो. हाताने लिहिलेल्या इतर टिप्पण्या ‘लोड’ वाचतच नाही, त्यामुळे पुढच्या जतनात त्या पुसल्या जातात.

नोंदीची वेळ भारतीय हवामान विभागाच्या रिवाजाप्रमाणे सकाळी ८:३० ठेवली आहे. तिच्यातील कोलनच्या आधी ‘स्टोअर’ बॅकस्लॅश घालते; ते दिसायला विचित्र असले तरी निरुपद्रवी आहे. मूल्याच्या शेवटी चुकून राहिलेली रिकामी जागा मात्र ‘लोड’ छाटत नाही, म्हणून वेळेचे रूपांतर करण्याआधी ती काढून टाकतो. विंडोजमधील फोल्डरचा पत्ता हाताने लिहिताना बॅकस्लॅश दुहेरी द्यावा लागतो, अन्यथा तो मुकाट्याने गळतो, आणि त्याच्यापुढे लहान यू आला तर वाचनच अपवाद (एरर) फेकून थांबते. त्यापेक्षा पुढे झुकलेली रेघ (/) वापरावी. जावाला विंडोजवर तीही चालते.

डीफॉल्ट मूल्ये वेगळ्या प्रॉपर्टीज वस्तूत ठेवून ती कन्स्ट्रक्टरला (नवी वस्तू बनवणाऱ्या भागाला) दिली आहेत. ‘स्टोअर’ ती फाइलमध्ये लिहीत नाही, आणि मला हे सोयीचेच वाटते, कारण फाइलमध्ये केवळ वापरणाऱ्याने बदललेल्या गोष्टी राहतात.

लिहिण्याच्या मध्येच वीज गेली, तर अर्धवट फाइल उरू नये म्हणून आधी त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाइलमध्ये सर्व लिहून, ती बंद करून, मग ‘अटॉमिक मूव्ह’ने (एक तर पूर्ण होणाऱ्या किंवा अजिबात न होणाऱ्या हलवणुकीने) मूळ नावावर हलवतो. तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर असेल, तर असे हलवणे शक्य होत नाही. पुढच्या टप्प्यात ही फाइल लिनक्सवर वापरकर्त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये आणि विंडोजवर ॲपडेटा या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जसाठीच्या फोल्डरमध्ये न्यायची आहे.