आधी इंधन, मग इंजिन

बाल्साच्या हलक्या लाकडाचं, रेडिओ कंट्रोलनं जमिनीवरून उडवायचं शिकाऊ मॉडेल विमान म्हणजे ट्रेनर. त्याच्या नकाशावर एका कोपऱ्यात इंजिनाचा आकडा छापलेला असतो. माझ्या नकाशावर होतं, ‘40 ते 46 टू-स्ट्रोक’. हा आकडा घनइंचाच्या शंभराव्या हिश्शात असतो. 40 म्हणजे 0.40 घनइंच, सुमारे 6.5 सीसी, 46 म्हणजे साधारण 7.5 सीसी. पंखांचा पसारा सव्वापाच फूट, उडतानाचं वजन अडीच किलोच्या आसपास. एवढ्या विमानाला एवढं इंजिन, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं माप आहे आणि ते चोख आहे. पण मी राहतो बडोद्यात. इथे तो आकडा बघण्याआधी इंजिनाला पाजायचं काय, हे ठरवावं लागतं.

नकाशावरचं 40-46 म्हणजे ग्लो इंजिन. त्यात ठिणगी नसते. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टची बॅटरी लावून लाल करायची आणि इंजिननं धरलं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनमच्या क्रियेनं, शिवाय आतल्या जळण्याच्या उष्णतेनं तार तापलेलीच राहते. कॉइल नाही, वायर नाही, वेगळी बॅटरी वाहायला नको. इतकं साधं आणि इतकं हलकं यंत्र दुसरं नाही.

शहरातल्या वाडी भागात एक काका राहतात, मी उडवायला त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांच्याकडे जपानच्या ओएस कंपनीचं 46 आहे. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, लावलेलं ते इंजिन माझ्या हातात देऊन म्हणाले, “प्रॉप हळू फिरव, घाई नको.” पिस्टन वर जाताना शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये गच्च झाला. मी थांबलो.

“अडकला नाहीये रे. थंड असताना तसाच लागला पाहिजे. सिलिंडरची आतली नळी, स्लीव्ह, वरच्या अंगाला किंचित बारीक ठेवलेली असते. तापली की फुगते, मग पिस्टनला मोकळं होतं.”

अॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह, आतून क्रोमचा किंवा निकेलचा मुलामा, रिंग नाहीच. ती घट्ट जागा ओलांडून प्रॉप पुढे सुटला तो झटका बोटांना कळला, आणि मला तसंच इंजिन हवंसं झालं.

अडचण इंधनाची. ग्लो इंधनात बहुतांश मिथेनॉल, अठरा-वीस टक्के तेल आणि जमलं तर पाच-दहा टक्के नायट्रोमिथेन. तेलाची चिंता गुजरातेत कोणी करू नये, देशातलं सर्वाधिक एरंडेल इथलंच. मिथेनॉलही लांब बनत नाही, भरूचला जीएनएफसी ही खत-रसायन कंपनी ते बनवते. पण त्यातलं लिटरभर बाजारातून घेणं साधं काम नाही. ते विषविषयक कायद्याखाली येतं, आणि दारूबंदीच्या राज्यात त्यावर करडी नजर असते. जुलै 2022 मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत पाणी घातलेलं मिथेनॉल दारू म्हणून प्यायल्यानं चाळीसहून अधिक माणसं गेली. केमिकलच्या दुकानात मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या भाईंचा पहिला प्रश्न होता, “लायसन्स छे?” नाही म्हटल्यावर त्यांनी नीट बसवून सगळी हकीकत समजावली. नोंदी ठेवाव्या लागतात, किती आलं, किती गेलं, कोणाला दिलं, सगळं दाखवावं लागतं.

मला ही सक्ती जाचक वाटत नाही. मिथेनॉल थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, कातडीतूनही ते अंगात भिनतं, आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. आमच्या घरात लहान मुलं आहेत. छंदासाठी असली बाटली माळ्यावर ठेवायची, आणि तीही आडमार्गानं आणलेली, हे मला पटणारं नव्हतं. ज्यांच्या संस्थेकडे परवाना आहे त्यांनी खुशाल ग्लो घ्यावं. ट्रेनरला त्याहून योग्य इंजिन नाही. एकट्या माणसानं मात्र बडोद्यात दुसरी वाट धरावी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

काकांनी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना अडीच सीसीच्या डिझेल इंजिनावर कंट्रोल-लाइन विमानं उडवली होती, दोन तारांना बांधून गोल फिरणारी. कोलकात्याला बनणारी ऑरोराची इंजिनं त्यांना अजून आठवतात. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समान भाग; प्लग नाही, वरच्या दांडीनं दाब कमीजास्त करायचा. ऐकायला फार छान वाटलं, पण ईथर म्हणजे पुन्हा परवान्याचीच भानगड, आणि रेडिओ कंट्रोलला लागतो तसा थ्रॉटलचा ताबा त्यांत बेताचाच. तो विषय तिथेच संपला.

इलेक्ट्रिकवर मात्र मी गंभीरपणे विचार केला. विमानाच्या वजनाच्या दर किलोला 220 वॉट हा ट्रेनरचा ढोबळ हिशोब. अडीच किलोला 550 झाले, हाताशी थोडं जास्त असावं म्हणून 800 धरले. पाच सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी 18.5 व्होल्ट देते. 45 अँपिअर ओढले की 830 वॉट झाले. मोटर, तिचा वेग आवरणारं ईएससी सर्किट, बॅटरी सगळं ऑनलाइन मिळतं. आवाज नाही, तेलाचे डाग नाहीत. ज्याला फक्त उडवायला शिकायचं आहे त्यानं डोळे मिटून हेच घ्यावं. माझं गाडं दोन ठिकाणी अडलं. 4000 एमएएचच्या पॅकवर आठ-नऊ मिनिटं उडायचं, मग तासभर चार्जिंग. आमच्या मैदानावर वीज नाही, म्हणजे पॅक तीन-चार तरी हवेत. आणि बडोद्याचा मे महिना. बंद गाडीत उन्हात लिपो ठेवायची कल्पनाही नको. शिवाय मला इंजिनच शिकायचं होतं, हेही तितकंच खरं.

राहिलं पेट्रोल. पूर्वी लहान विमानांना पेट्रोल इंजिन म्हणजे 20 सीसीच्या पुढचा मामला होता, आणि माझ्या ट्रेनरच्या नाकाला ते पेलणारं नव्हतं. आता 9-10 सीसीची इंजिनं मिळतात. सीसी जास्त दिसतं म्हणून दचकू नका. पेट्रोल इंजिन तितक्याच सीसीच्या ग्लोपेक्षा कमी ताकद देतं, त्यामुळे 46 च्या जागी 10 सीसी बसतं. खर्च पाहिला तर फरक मोठा आहे. एक भाग मिथेनॉल जाळायला साडेसहा भाग हवा लागते, पेट्रोलला साडेचौदा. म्हणजे तेवढ्याच हवेत ग्लो इंजिन दुपटीहून जास्त इंधन रिचवतं. 300 मिलिची टाकी 46 दहा-बारा मिनिटांत रिकामी करतं; तीच टाकी माझं 10 सीसी वीस मिनिटं आरामात पुरवतं. आणि कार्ब्युरेटरमध्ये स्वतःचा डायफ्राम पंप असल्यामुळे टाकी इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या रेषेतच हवी, हा ग्लोचा जाच नाही.

किंमत मोजावी लागते ती वजनात. पेट्रोलला ठिणगी लागते; इंजिन, मफलर, ठिणगी पाडणारा इग्निशनचा डबा आणि त्याची बॅटरी मिळून नाकावर 46 पेक्षा सुमारे 200 ग्रॅम जास्त आले. ते गुरुत्वमध्याच्या 30 सेंटिमीटर पुढे, म्हणजे 6000 ग्रॅम-सेंटिमीटरचा झोक. रेडिओचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरची 120 ग्रॅमची बॅटरी नाकातून काढून 50 सेंटिमीटर मागे नेली की बरोबर 6000. शेपटीत शिसं घालायची वेळ आली नाही. शिसं घातलं की विमान दोन्हीकडून जड होतं, ते शक्यतो टाळावंच. इग्निशन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं त्या प्लायच्या भिंतीच्या पुढे, रिसीव्हर पंखाखाली. दोघांत जेवढं अंतर ठेवता येईल तेवढं ठेवलं.

पेट्रोल इंजिनाची थरथर ग्लोपेक्षा जास्त, म्हणून फायरवॉलला आतून प्लायचा आणखी एक थर चिकटवला आणि वरून इपॉक्सी फासलं, तेल मुरू नये म्हणून. इंजिन आणि फायरवॉलमधल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या लेथवाल्या दादांनी कापून दिल्या. त्यांना मी चारही एकाच लांबीच्या सांगितल्या होत्या. त्यांनी नकाशा मागवून घेतला आणि म्हणाले, “यात इंजिन उजवीकडे दोन अंश वळवलेलं दाखवलंय, मग नळ्या सारख्या कशा चालतील?” डाव्या बाजूच्या दोन त्यांनी हिशोबानं लांब ठेवल्या. कॅलिपर लावून प्रत्येक नळी तपासून, पुसून कागदात गुंडाळून दिली. बडोद्यात राहण्याचं हे सुख आहे. कलाभवन ही इथली तंत्रशाळा 1890 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हाताच्या कामाची कदर या गावात आहे.

इंधनाचं मिश्रण 30 ला 1, म्हणजे लिटरला 33 मिलि चांगलं सिंथेटिक टू-स्ट्रोक ऑइल. बाटलीत पेट्रोल पंपावर देत नाहीत आणि देऊही नये. मी स्कूटरच्या टाकीतून हातपंपानं धातूच्या डब्यात काढून घेतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि रबराला त्रास देतं, तेव्हा नळ्या पेट्रोलच्याच घ्याव्यात. ग्लोच्या सिलिकॉन नळ्या पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतात.

आमचं मैदान पादऱ्याच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात. विमानतळ हरणीला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला; तरीही डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर आधी हिरवा, म्हणजे मोकळ्या भागाचा रंग पाहून घेतला. शेपूट खुंट्यांना बांधली, काकांनी पंख धरला. चोक लावून, इग्निशन चालू करून, जाड हातमोजा घालून प्रॉपला झटके दिले. एकदा ‘फट्‌’ झालं आणि प्रॉप किंचित मागे उसळला. “आता चोक काढ,” काका म्हणाले. चोक काढला, आणखी झटके दिले, आणि इंजिननं धरलं. ग्लोचा किंचाळणारा सूर नाही, खालच्या पट्टीतला भरीव आवाज. मफलरमधून निळसर धूर सुटत होता आणि टाकीतली नळी थरथरत होती.

पहिल्या काही टाक्या जमिनीवरच, सुई थोडी सैल ठेवून, थ्रॉटल खालीवर करत संपवल्या. मग पूर्ण थ्रॉटलला सुई घट्ट करत करत आवाज सर्वांत वर गेला तिथून थोडी मागे आणली. विमान नाक वर करून धरलं तरी आवाज बसायला नको, ही खरी परीक्षा. ती पार पडल्याशिवाय काकांनी खुंट्या सोडू दिल्या नाहीत.

प्रॉप मात्र लगेच ठरला नाही. 12 बाय 6 वर, म्हणजे 12 इंच व्यास आणि एका फेऱ्यात 6 इंच पुढे सरकण्याचं माप (पिच) असलेल्या प्रॉपवर, टॅकोमीटर मिनिटाला 8,500 च्या आसपास फेरे दाखवतो. 6 इंच पिच गुणिले 8,500, म्हणजे ताशी 78 किलोमीटरचा हिशोब. माझं ट्रेनर 50 ला मजेत तरंगतं, तेव्हा वेग गरजेपेक्षा जास्तच होता. 13 बाय 5 लावला, फेरे थोडे उतरले, पण ओढ वाढली आणि उतरताना विमान ऐकायला लागलं. गवतावरून आता ते वीस-पंचवीस पावलांत उचलतं.

पावसाळ्यात रान चिखलाचं होतं आणि उड्डाणं बंद पडतात. त्याआधी टाकी पूर्ण रिकामी करतो, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद पाडतो, प्लग काढून तेलाचे दोन थेंब आत सोडतो आणि प्रॉप हातानं फिरवून ठेवतो. उत्तरायणाच्या आठवड्यातही उडवत नाही. आकाशभर मांजा असतो. येत्या मोसमाआधी कार्ब्युरेटरचा डायफ्राम बदलायचा आहे, तो सुटा मिळतो आणि चार स्क्रूंचं काम आहे.