चाळिशीत आइस हॉकी: पहिल्या स्केटपासून पहिल्या सीझनपर्यंत

कॅनडातल्या टोरंटो-मिसिसॉगाच्या पट्ट्यात मोठ्या माणसांसाठी आइस हॉकीच्या लीग भरपूर आहेत, आणि त्यांच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये वयाच्या पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा स्केट घातलेली माणसं खेळतात. भारतातून आलेल्या पालकांना हे बरेचदा माहीतच नसतं. मुलांना रिंकवर सोडायचं आणि काचेपलीकडे कॉफी घेऊन बसायचं, एवढाच आपला हॉकीशी संबंध असं ते धरून चालतात. मी ज्या वाटेने गेले ती अशी: आधी नुसतं स्केटिंग, मग ‘लर्न टू प्ले’चा वर्ग, मग शिनी (पंच-गुणांशिवायचा मोकळा खेळ), मग लीग. हा क्रम मोडू नये. थांबायला न शिकता सामन्यात उतरलेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर जाऊन थांबतो.

खर्चाची सुरुवात स्केटपासून करा, आणि ते दुकानात पाय मोजूनच घ्या. पॅड, पँट, ग्लोव्ह्ज जुने चालतात. स्केट आणि हेल्मेट मात्र नवं घ्यावं. स्केटचा नंबर आपल्या रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबरने लहान येतो. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. आपल्याकडची सवय ‘थोडा मोठा घेऊ, जाड मोजे घालू’ अशी. इथे ती घातक आहे. आत पाय हलला की घोटा आतल्या बाजूला कलतो आणि धारेवर उभंच राहता येत नाही. मोजा पातळ हवा. नवा स्केट दुकानात भट्टीत तापवून देतात. तो घालून नाडी बांधून दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं, चालायचं नाही, आणि पुढचा एक दिवस त्याने बर्फावर जायचं नाही, म्हणजे पायाचा आकार धरतो.

नव्या स्केटला बहुधा धार लावलेली नसते. न विचारता तसेच घेऊन रिंकवर आलेली माणसं दाराशीच आडवी होतात आणि ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून घरी जातात. पात्याच्या तळाला लांबीभर एक उथळ खाच कोरतात, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. या खाचेच्या गोलाईची त्रिज्या दुकानदार ‘हॉलो’ म्हणून विचारतो. अर्धा इंच हे नेहमीचं माप. आकडा लहान, म्हणजे ३/८, तर खाच खोल आणि पकड जास्त. ५/८ म्हणजे उथळ खाच, घसरण सोपी. नवशिक्याला जास्त पकड बरी वाटेल असा समज आहे, पण ३/८ वर पातं बर्फात रुतून बसतं आणि बाजूला सरकून थांबायला शिकताच येत नाही. मी सगळ्यांना अर्ध्यापासून सुरुवात करा, वजन जास्त असेल तर ५/८ घ्या, असंच सांगते. बर्फावरच्या पाच-सहा तासांनंतर पुन्हा धार लावावी. सिमेंटवर दोन पावलं चाललात तरी कड जाते, म्हणून बाहेर पात्यावर कडक गार्ड (आवरण) चढवायचं. पिशवीत ठेवताना मात्र पातं पुसून कापडी सोकर (ओल शोषणारं आवरण) घालायचं. कडक गार्ड चढवून ओलं पातं ठेवलं की सकाळपर्यंत गंज धरतो.

पुण्यात किंवा नाशिकला लहानपणी रोलर स्केटिंग केलेल्यांना तोल आणि वेग लवकर सापडतो, पण थांबणं सापडत नाही, कारण चाकं आडवी घसरत नाहीत आणि पातं आडवं घसरवूनच थांबायचं असतं. लीगआधी या गोष्टी याव्यात: दोन्ही बाजूंना हॉकी स्टॉप (पाती आडवी घसरवून थांबणं), दोन्ही दिशांना क्रॉसओव्हर (वळताना एका पायावरून दुसरा पाय टाकणं), उलटं स्केटिंग, आणि पडल्यावर काठीसकट एका गुडघ्यावरून उठणं. जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू कच्ची राहते. सोपी बाजू करत राहण्याचा मोह होतो, तेव्हा सरावाचा अर्धा वेळ ठरवून कच्च्या बाजूला द्या. बोर्डवर (रिंकभोवतीच्या कठड्यावर) आदळायची वेळ आली तर मान खाली घालू नका. डोकं वर, अंग तिरकं, आधी हात आणि दंड. मान वाकवून डोक्याने बोर्डला धडकणं हा या खेळातल्या सगळ्यात गंभीर अपघातांपैकी एक आहे. बोर्डपासून चार-पाच फुटांवर कोणी असेल तर त्याला मागून हातही लावायचा नाही, ते याचसाठी.

सामान अंगावर चढवायचा क्रम ठरलेला आहे: आतले पातळ सिंथेटिक कपडे, कमरेखालचं संरक्षण (बायकांसाठी वेगळं मिळतं, त्याला ‘जिल’ म्हणतात), शिन गार्ड, त्यावर हॉकीचे मोजे आणि पारदर्शक टेप, पँट, स्केट. त्यानंतर शोल्डर पॅड, एल्बो पॅड, नेक गार्ड, जर्सी, हेल्मेट, ग्लोव्ह्ज. शोल्डर पॅड आधी घातले तर वाकून नाड्या आवळता येत नाहीत. शिन गार्डचं माप इंचांत असतं आणि ते गुडघ्याच्या वाटीपासून स्केटच्या जिभेपर्यंत बसायला हवं. थंडी वाजेल म्हणून स्वेटर घालू नका. पहिल्याच शिफ्टमध्ये (बेंचवर परतेपर्यंतच्या खेळीत) घाम फुटतो, आणि बेंचवर बसल्यावर तोच ओला स्वेटर गार पडतो. नवीन माणसाने चेहऱ्यावर पूर्ण जाळी लावावी. आमच्या पातळीवर काठ्या कुठेही उडतात आणि पकचं, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीचं, वजन १५६ ते १७० ग्रॅम असतं. नेक गार्डबद्दल मी आग्रहानेच बोलते. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूच्या गळ्याला स्केटची धार लागली आणि त्याचा मृत्यू झाला. मोठ्यांच्या पुष्कळ लीगमध्ये आजही नेक गार्डची सक्ती नसते. तरीही घाला, आणि मनगटाला कट न होणारी पट्टीही लावा.

काठी निवडताना आपली माणसं दोन ठिकाणी अडतात. पहिलं, उजवी की डावी. उजव्या हाताने बॅटिंग केलेल्याचा डावा हात वर आणि उजवा खाली असतो; मैदानी हॉकीतही तसंच. म्हणजे त्यांना ‘राइट’ काठी सहज वाटते. इथले बरेच उजवखोरे मात्र डावी काठी धरतात, आणि दुकानातला मुलगा तीच हातात देतो. दोन्ही धरून बघा, जी जमिनीवर आपसूक पडते ती घ्या. दुसरं, फ्लेक्स, म्हणजे काठीचा ताठरपणा. पौंडांतल्या वजनाच्या साधारण निम्मा आकडा धरावा. साठ किलोचं माणूस म्हणजे १३२ पौंड, तर पासष्टच्या आसपास. हे माप मोठ्यांच्या ‘सीनियर’ रांगेत फारसं मिळत नाही, शेजारच्या ‘इंटरमीजिएट’ रांगेत मिळतं. पंच्याऐंशीची काठी घेऊन ती वाकतच नाही अशा अवस्थेत कित्येक जणी खेळत असतात. अनवाणी उभं राहून काठी नाकाच्या शेंड्यापर्यंत, स्केट घालून हनुवटीपर्यंत यावी. जास्तीची वरून कापता येते, पण कापली की ताठरपणा वाढतो, हे धरूनच फ्लेक्स घ्या.

वर्ग झाला की लगेच नोंदणी करू नका, मध्ये शिनी खेळा. शिनी म्हणजे पंच नाही, गुण नाहीत, येईल त्याने खेळायचं. टोरंटो महापालिकेच्या उघड्यावरच्या रिंकवर नोव्हेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत वयोगटानुसार शिनीच्या वेळा लावलेल्या असतात, त्यातल्या काही खास बायकांसाठी. इथे गर्दीत मान वर ठेवून पक चालवायची सवय लागते. झँबोनी (बर्फ सपाट करणारी गाडी) फिरून गेल्यावर दार बंद होईपर्यंत बर्फावर पाय ठेवायचा नाही, आणि पहिली दोन-तीन मिनिटं पाण्याचा थर पूर्ण गोठेपर्यंत जपून.

लीगमध्ये शिरायचे दोन रस्ते. संघाने एकत्र फी भरायची, किंवा एकट्याने ‘फ्री एजंट’ म्हणून नाव द्यायचं आणि लीग संघ लावून देईल त्यात जायचं. एकट्याने नाव देणाऱ्यांची बरेचदा आधी बर्फावर चाचणी होते. तिथे स्वतःची पातळी वाढवून सांगू नका. वरच्या डिव्हिजनमध्ये पक हाती लागत नाही आणि शिकणं थांबतं. गोलीची (गोलरक्षकांची) सगळीकडे टंचाई असल्याने त्यांना फीत सूट मिळते. नोंदणी करताना तीन गोष्टी विचारा: प्लेऑफ खेळायला किमान किती सामने खेळलेले लागतात, बदली खेळाडूचा नियम काय, आणि विमा फीमध्ये आहे का. वरच्या डिव्हिजनचा माणूस न सांगता खेळवला तर सामना हरल्याची नोंद होऊ शकते, आणि प्लेऑफच्या आठवड्यात मोठे वाद यावरूनच होतात.

आता खेळ. तासाभराचा बर्फ, त्यात तीन-चार मिनिटं वॉर्म-अप, आणि घड्याळ बहुतेक वेळ न थांबता चालतं. एका वेळी एका संघाचे पाच स्केटर (मधला सेंटर, दोन कडांचे दोन विंगर, मागे बचावाला दोन डिफेन्स) आणि एक गोली. अंगाने धक्का मारायला बंदी, खालच्या डिव्हिजनमध्ये बहुधा स्लॅपशॉटलाही (काठी मागे उंच उचलून मारलेल्या जोरदार फटक्यालाही). वॉर्म-अपमध्ये गोलीच्या डोक्याच्या उंचीने पक मारायचा नाही; हे नियमपुस्तकात नसलं तरी कोणी विसरत नाही.

नवीन संघ ज्यामुळे हरतात ते कारण नेमबाजी नव्हे, लांबलेल्या शिफ्ट हे आहे. शिफ्ट चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची असावी. जोर लावून तेवढंच खेळता येतं. दीड मिनिट आत राहिलेला खेळाडू शेवटचा निम्मा वेळ नुसता उभा असतो, आणि पुढच्या शिफ्टपर्यंत त्याचा दम परत येत नाही. त्याची जागा घ्यायची ती बेंचवर थंड पडते. तिसऱ्या पिरियडमध्ये गोल होतात ते यातून. बदलायची वेळ पक ठरवतो: आपण पक त्यांच्या टोकाला ढकलला की लगेच बेंचकडे. पक आपल्या गोलकडे येत असताना कितीही दमलात तरी बदलायचं नाही. बाहेर येणारी बेंचपासून पाच फुटांच्या आत पोचल्याशिवाय दुसरीने उडी मारायची नाही, नाहीतर बर्फावर जास्त खेळाडू असल्याची दोन मिनिटांची पेनल्टी मिळते. आणि येताना मोठ्याने सांगायचं, ‘लेफ्ट विंग!’ गप्प बेंचवर एकीच्या जागी दोघी जातात किंवा कोणीच जात नाही.

जागा सांभाळणं हा याच गोष्टीचा दुसरा भाग. आपल्या टोकात विंगरने कोपऱ्यात पकमागे धावायचं नसतं. ब्लू लाइनवर (आपलं टोक मधल्या भागापासून वेगळं करणाऱ्या निळ्या रेषेवर) उभ्या असलेल्या त्यांच्या डिफेन्सवर लक्ष ठेवायचं. कोपऱ्यात एक डिफेन्स जाते, दुसरी गोलपुढे थांबते, सेंटर खाली मदतीला. पक सुटला की विंगर बोर्डजवळ पाससाठी तयार. पाचही जणी पकभोवती गोळा झाल्या की ब्लू लाइनवरची मोकळी राहते आणि तिच्याकडून शॉट येतो. ऑफसाइडचा नियम सोपा आहे: पक ब्लू लाइन पूर्ण ओलांडायच्या आत तुमचे दोन्ही स्केट पलीकडे गेलेले नकोत. एक स्केट रेषेवर असेल तर चालतं. म्हणून रेषेजवळ पोचताना सरळ न जाता रेषेला समांतर वळत जायचं. आयसिंग, म्हणजे मधल्या लाल रेषेअलीकडून पक थेट त्यांच्या गोलरेषेपलीकडे मारणं, हे स्थानिक लीगमध्ये बहुधा आपोआप धरलं जातं. शर्यत लावून समोरच्याला बोर्डवर नेऊ नका. नवशिक्यांना सगळ्यात जास्त पेनल्टी ट्रिपिंगची मिळते: मागे पडल्यावर एका हाताने काठी पुढे घातली जाते आणि ती पायात अडकते. पाय हलवा, काठी बर्फावर ठेवा.

तब्येतीचं मोकळेपणाने बोलायला हवं. या खेळात हृदयाचे ठोके काही सेकंदांत जवळजवळ कमाल वेगाला जातात, खाली येतात, पुन्हा जातात. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार इतरांपेक्षा लवकरच्या वयात दिसतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कोणाला हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, गरज पडल्यास स्ट्रेस टेस्ट करून मगच नोंदणी करावी. रिंकमध्ये गेल्यावर एईडीची (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची) पेटी कुठे आहे ते बघून ठेवा. छातीत दडपण किंवा जबड्यात-हातात कळ आली तर बेंचवर बसून ‘बरं वाटेल’ म्हणू नका, लगेच सांगा. सामने रात्री दहा-अकराला लागतात, त्यामुळे पोटभर जेवण तीन तास आधी उरका.

टीव्हीवर हॉकी बघणं हाही सराव आहे. पक दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, तर पक बघूच नका. आपल्या जागेवरचा एक खेळाडू निवडा आणि पूर्ण शिफ्टभर त्याच्यावरच नजर ठेवा: तो कधी बेंचकडे वळतो, पक नसताना कुठे उभा राहतो. घरच्यांना रस लागावा म्हणून ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ची पंजाबी आवृत्ती लावून बघा. ही २००८ मध्ये सुरू झाली, आणि हरनारायण सिंग यांची कॉमेंट्री मराठी माणसालाही बरीचशी कळते. बायकांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला टोरंटोतच सुरू झाली. आमच्या संघातल्या मुली डिफेन्सचं काम तिथे बघून शिकतात.

घरी आल्यावर पिशवी तशीच कोपऱ्यात टाकू नका. सगळं बाहेर काढून टांगा, ग्लोव्ह्ज उघडे करून पंख्यासमोर, स्केटमधले इनसोल वेगळे. ओल्या ग्लोव्ह्जचा तळवा कडक होऊन फाटतो आणि पॅडमध्ये बुरशी धरते. कापडी पॅड महिन्यातून एकदा सौम्य साबणाने धुता येतात. हेल्मेट हाताने पुसा आणि त्याचे स्क्रू घट्ट आहेत का ते त्याच वेळी बघा. पिशवीत कायम ठेवायचं: जास्तीची नाडी, दोन्ही प्रकारची टेप (मोज्यांची पारदर्शक आणि काठीची), स्क्रूड्रायव्हर, कोरडा टॉवेल. सामन्याच्या दहा मिनिटं आधी नाडी तुटणं नेहमीचं असतं, आणि रात्री अकराला रिंकचं दुकान बंद झालेलं असतं.