तो गंजका काटा मधोमध कशाला?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीकडे बघून विचारतोच, "एवढे तराजू कशाला हो? दुकान होतं का?" जरा घसटीतला असला तर पुढं, "आणि तो गंजका मोठा काटा मधोमध कशाला?" आता सगळ्यांना एकदाच सांगते.

बाकीचे आवडतात म्हणून लावलेत. गुजरीतल्या सराफाकडचा लाकडी डबीतला काटा आहे, पारडी रुपयाएवढी; आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, अशा हिशेबाच्या काळातला. खाली फळीवर शेर, अच्छेर, पावशेराची वजनं. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो यायला लागला आणि ती हळूहळू भंगारात गेली. पितळ चिंचेनं घासते, लोखंडाला पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवते. पारड्यात मनीप्लांट ठेवा म्हणणाऱ्यांना नाही म्हणते. ओल लागली की साखळीच्या कड्या आधी जातात.

मधला काटा गुळाचा. माझे आबा गूळबाजारात मापाडी, म्हणजे माल तोलणारे, होते. हे ऐकून "मग काटा मारत होते का?" असं हसत विचारणारे कोल्हापुरात कमी नाहीत. उसाच्या हंगामात इथं काटामारी, म्हणजे वजनात खाणं, हा शब्द रोज कानावर पडतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

मी शाळकरी होते, आबांचा डबा घेऊन गेले होते. सौदे उरकून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, तोलायचं चाललं होतं. एका शेतकऱ्यानं आपला रवा उचलू दिला नाही. "मापाडी, पारडी बदला की," म्हणाला. म्हणजे वजनांच्या जागी गूळ आणि गुळाच्या जागी वजनं. रिकामा काटा सरळ राहतो म्हणून तो खरा, असं नसतं. दांडी जिच्यावर तोलते ती मधली धार एका अंगानं झिजली की दांडीची एक बाजू आखूड पडते. आखूड बाजूला पासंग, म्हणजे भरीचं वजन, बांधला की रिकामा काटा सरळ दिसतो, भार चढला की खोट उघडी पडते. आबांनी स्वतः पारडी बदलली. हमाल हातातलं काम टाकून बघायला लागले. गुळाचं पारडं खाली गेलं ते वर येईना. वजनांत अर्धा किलो वाढवला तेव्हा काटा मध्यावर आला.

"तीस किलोच्या रव्यामागं अर्धा किलो खाता व्हय!" शेतकरी ओरडला. हे खरं नव्हतं. पारडी बदलल्यावर दिसणारा फरक खऱ्या घटीच्या दुप्पट असतो. घट पाव किलोची होती. आबांना ते ठाऊक होतं, तरी ते बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी मला म्हणाले, "अर्धा न्हाई, पाव म्हणून भांडलो असतो तर पाव खाल्ला असंच झालं असतं." त्या दिवशी ते दांडीला हात लावून नुसते उभे होते. शेतकऱ्यांचा गूळ विकून देणाऱ्या अडत्यानं काटा बदलला, पण पुढं आबा तोलायला उभे राहिले की कुणीतरी "बदला की" म्हणायचंच.

काटा अडत्याचा होता. तपासून शिक्का मारून आणायचं काम त्याचं. मापाडी मिळालेल्या काट्यावर तोलतो. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि अजूनही सांगते. पण गुळाच्या बाजूच्या टोकाला तारेनं गुंडाळलेली एक लोखंडी कडी आहे. तोच पासंग. ती कुणी बांधली? तरुणपणी मी ठणकावून सांगायचे, अडत्यानं. आज तसं छातीठोक सांगवत नाही, कारण रोज तो काटा टांगणाऱ्याला कडी दिसली नसेल हे मलाच पटत नाही. आबांना एकदा सरळ विचारलं. "काटा माझ्या हातात हुता," एवढंच म्हणाले. हा कबुलीजबाब होता की अभिमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०१९ च्या महापुरात शाहूपुरीतली त्या अडत्याची वखार बुडाली, चिखल उपसताना तो जुना काटा बाहेर निघाला. भंगाराच्या भावानं मी तो आणला. भाऊ चिडला. त्याचं म्हणणं, आबांची बेअब्रू भिंतीवर कशाला टांगायची? लावायचाच असेल तर निदान ती कडी काढ. मी कडी काढलेली नाही. ती काढली तर आबांची बाजू मीच पुसल्यासारखी होईल, आणि त्या शेतकऱ्याचीही. भावाला हे पटत नाही. गेल्या दिवाळीला त्यावरून परत वाजलं. "मग येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगतेस?" म्हणाला.

जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच.