काळी म्हैस, पांढरी वाफ

७ डिसेंबर, रविवार

आज सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले होते. कोल्हापुरातच लहानाची मोठी झाल्यामुळे तिथे बांधलेल्या म्हशी, समोर पिळले जाणारे दूध आणि फेसाळ पेला तोंडाला लावून उभी असलेली माणसे मी असंख्य वेळा पाहिली आहेत; कॅमेरा घेऊन मात्र आज प्रथमच उभी राहिले. छायाचित्रणाच्या वर्गातल्या सरांनी गृहपाठ दिला होता तो असा, की एका काळ्या आणि एका पांढऱ्या वस्तूने चौकट पूर्ण भरायची, कॅमेरा स्वयंचलित ठेवायचा आणि जे येईल ते न बदलता वर्गात आणायचे. काळ्यासाठी मी म्हैस निवडली आणि पांढऱ्यासाठी आमच्या गल्लीतली नुकतीच चुना दिलेली भिंत.

घरी येऊन दोन्ही छायाचित्रे शेजारीशेजारी उघडली तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत राहिले. तेल लावल्यासारखी चमकणारी ती काळीभोर म्हैस राखेत लोळून आल्यासारखी करडी दिसत होती आणि भिंतही जवळजवळ त्याच करड्या रंगाची झाली होती. उजेड भरपूर होता, कॅमेऱ्यातही काही बिघाड नव्हता, तरीही दोन टोकांच्या दोन वस्तू मध्यावर येऊन एकमेकींना मिळाल्या होत्या.

कारण पुस्तकात वाचले होते, पण आज ते डोळ्यांना पटले. समोर काय आहे हे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला ठाऊक नसते. किती प्रकाश परत येतो एवढेच त्याला कळते आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणून ठेवणे हेच त्याचे काम असते. छायाचित्रकार प्रमाण म्हणून जे करडे कार्ड वापरतात ते अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवते. आपल्या डोळ्यांना मात्र ते काळ्या-पांढऱ्याच्या अगदी मधोमध वाटते, आणि संगणकाच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर ते साधारण ११८ वर बसते. म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाशाला आपला डोळा ‘निम्मा’ म्हणतो. ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते, कारण आजवर मी डोळ्यालाच मोजपट्टी समजत होते.

संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर गेले आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात टिपला जाणारा प्रकाश, दीड स्टॉपने कमी केले; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. म्हैस काळी आली. काळ्यासाठी प्रकाश कमी करायचा आणि पांढऱ्यासाठी वाढवायचा, हे ऐकताना उलटे वाटते. गडद वस्तू दिसत नाही म्हणून उजेड वाढवावा अशीच हाताची ओढ असते. ती मोडायला काही दिवस लागतील.

१० डिसेंबर, बुधवार

वर्गात आज सरांनी कच्च्या फाइलचा, म्हणजे सेन्सरने (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाने) मोजलेले जसेच्या तसे ठेवणाऱ्या ‘रॉ’चा, हिशेब फळ्यावर मांडला. तो इथे उतरवून ठेवते, कारण त्याने माझी एक जुनी समजूत मोडली आहे. १४ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पायऱ्या असतात. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो, त्यामुळे प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट होतो. म्हणून सर्वांत उजळ एका स्टॉपच्या वाट्याला यांतल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, आणि असे उतरत सहाव्या स्टॉपपर्यंत पोहोचावे तेव्हा हाती २५६ उरतात. नंतर संगणकावर सावल्या उजळ करू लागलो की त्यांत दाणे आणि डाग का दिसतात, हे यातून बरेचसे उमगते: तिथे माहितीच थोडी असते. पण थोडी का होईना, असते. उजळ भाग मात्र एकदा भरून वाहिला की तिथे सपाट पांढऱ्याखेरीज काहीही उरत नाही आणि कोणतीही आज्ञावली ते परत आणू शकत नाही.

“आधी उजेड सांभाळ, अंधार नंतर बघता येईल,” असे सर म्हणाले, आणि मला एकदम जलरंग आठवले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आम्ही पोस्टर रंगांची सवय केली होती, आणि त्यांत चूक झाली की वरून पांढरा फासता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नसते. तिथे पांढरा म्हणजे खालचा कागद. उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो.

आजीच्या घरी सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ची एक छापील प्रत आहे. पुष्कळांना ते चित्र राजा रविवर्म्यांचे वाटते, पण ते सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचे आहे. त्यांनी त्यासाठी आपल्या मुलीला दिवा हाती देऊन उभे केले होते, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लहानपणापासून मी त्यातल्या बाईचा चेहरा पाहत आले, पण ते चित्र जलरंगात आहे याचा अर्थ मला आज कळला. ज्योतीपुढे धरलेल्या तळहाताच्या बोटांतून जो लालसर उजेड झिरपतो, तो वरून ठेवलेला नाही. सभोवतालचा अंधार एकेका पातळ थराने चढत गेला आणि ती जागा शेवटपर्यंत राखली गेली. मूळ चित्र एकदा तरी प्रत्यक्ष पाहायचे आहे.

१४ डिसेंबर, रविवार

सध्या गुऱ्हाळांचा हंगाम आहे. आत्याच्या गावी पहाटेच गेले आणि आत्तेभावाचा कॅमेरा घेऊन साडेसहापासून नऊपर्यंत गुऱ्हाळावर थांबले. शिकणाऱ्या माणसाला यापेक्षा अवघड जागा कोणी मुद्दाम शोधूनही दिली नसती. चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडांचा जाळ, शेडच्या पत्र्याखाली काळोख, काहिलीवरून, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईवरून, उठणारी पांढरी वाफ, वाशाला टांगलेला एक पिवळा बल्ब आणि दाराकडून येणारा हिवाळ्यातला निळसर उजेड, हे सगळे एका चौकटीत मावत होते, पण एका एक्स्पोजरमध्ये मावत नव्हते.

पहिला अर्धा तास मी सगळेच मिळवण्याचा प्रयत्न केला आणि काहीच मिळाले नाही. वाफेने चौकट भरली की कॅमेरा तिला करडी करी आणि भोवतालची माणसे काळ्या आकृत्या होऊन जात. माणसांवर मोजले की वाफेच्या जागी कोरा पांढरा डाग पडे. मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, लावून ठेवला होता, त्याचा ढीग कधी डाव्या भिंतीला टेके तर कधी उजव्या. शेवटी मी ठरवले की आजचे चित्र वाफेचे आणि काहिलीचे. चुलवाणाचे तोंड जळून पांढरे झाले तर होऊ दे, आणि पत्र्याखालचा अंधार अंधारच राहू दे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, छिद्र एफ ४, शटर एक साठांश सेकंद. एवढे ठरवल्यावर हात स्थिर झाला.

काहिलीजवळ गुळवे मामा उभे होते. त्यांचे काम पाहताना कॅमेरा कितीदा तरी खाली राहिला. रसात भेंडीचे पाणी घातल्यावर मळी वर येते, ती ते काढून टाकत होते; पुढे उकळीचा आवाज बदलला, फेस बारीक आणि जड झाला, तेव्हा त्यांनी पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का हे पाहिले. कुठेही तापमापक नव्हता. फेसाचा आकार, पाकाचा रंग आणि बोटांना लागणारा चिवटपणा यांवर काहील केव्हा उतरायची हे ते ठरवत होते, आणि तो क्षण थोडा जरी चुकला तरी गूळ एक तर नीट बसत नाही किंवा काळपट होतो. मी त्यांचा उतरवण्याआधीच्या क्षणाचा फोटो घेतला. टोपीवर बल्बचा उजेड, हातात लांब दांडा, खाली काहील आणि मधून तिरपी वर चढलेली वाफ. आज काढलेल्या २१२ छायाचित्रांपैकी मला जवळचे वाटले ते हे एकच.

२४ डिसेंबर, बुधवार

गेले दहा दिवस मामांच्या त्या छायाचित्रावरून कृता या चित्रकलेच्या आज्ञावलीत डिजिटल चित्र करते आहे. संदर्भ म्हणून वापरण्याआधी कच्ची फाइल डार्कटेबल या छायाचित्रांच्या आज्ञावलीत उघडली आणि व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरे काय ते ठरवण्यासाठी, मामांच्या टोपीवर बोट ठेवले: ही पांढरी आहे, हिच्यावरून बाकीचे ठरव. टोपी शुभ्र झाली, दाराकडची वाफ गर्द निळी झाली, आणि मला ते आवडले.

या चित्रात मला सर्वांत मोठा धक्का दिला तो ड्रॉपरने. छायाचित्रात कोणत्याही ठिकाणी टोचले की तिथला रंग वेगळा काढून दाखवणारे हे साधे साधन आहे. वाफेचा जो भाग मी पांढरा धरून चालले होते, तो उचलून स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवला तर मळकट निळा निघाला. टोपीच्या चुणीतली सावली मी करडी रंगवली होती. ती जवळजवळ जांभळी होती. शाळेत सावली म्हणजे मूळ रंगात थोडा काळा, हे आम्ही इतके घोटले होते की माझा हात डोळ्याला न विचारताच काळ्याकडे जात होता. रंग एकटा असताना एक असतो आणि शेजार मिळाला की दुसराच होतो. त्यानंतर मी एक नियम केला: रंग आधी अंदाजाने ठेवायचा, मग ड्रॉपरने तपासायचा, आणि फरक वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी वीसपैकी तीन रंग जवळपास आले, काल अकरा आले.

थरांचे गणितही आता समजू लागले आहे. ‘मल्टिप्लाय’ थरात दोन रंगांच्या किमती ० ते १ मध्ये धरून गुणल्या जातात. पांढरा म्हणजे १, म्हणून तो खालच्या रंगाला धक्का लावत नाही, आणि अर्ध्यावर अर्धा ठेवला की पाव उरतो. जलरंगाचा दुसरा हात पहिल्यावर चढतो तेव्हा साधारण असेच घडते. ‘स्क्रीन’ थर याच्या उलट उजेडावर उजेड चढवतो, आणि माझी वाफ सगळी त्याच थरात आहे. हळदणकरांना जो उजेड राखावा लागला, तो मला इथे वरून ठेवता येतो. ही सोय मोठी आहे, पण वाफेचे सात थर चढवल्यावर ती कापसासारखी दिसू लागली तेव्हा मी पाच पुसून टाकले आणि काहिलीच्या काठाजवळ कागद राखल्यासारखी एक जागा मोकळी सोडली. तिथली वाफ आता खरी वाटते.

कुंचला हाती असलेल्या माणसाने कॅमेऱ्याकडे वळणे हे या शहराला नवीन नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. टॅबलेटवर लेखणी टेकवताना मला त्यांची आठवण येते, आणि बळही येते.

३ जानेवारी, शनिवार

चित्र ए४ आकारात छापून घेतले. ३०० पिक्सेल प्रतिइंच या हिशेबाने २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल मी सुरुवातीलाच घेतले होते, त्यामुळे धूसरपणा आला नाही. चुलवाणाचा नारिंगी मात्र पडद्यावर जितका पेटलेला होता तितका कागदावर उतरला नाही. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि शाई प्रकाश शोषून घेते, तेव्हा एवढी घट मी धरून ठेवली होती.

दुपारी गुऱ्हाळावर जाऊन ती प्रत मामांना दिली. त्यांनी हात पंचाला पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ पाहिला. टोपी पाहून हसले, दांड्यावरच्या हातांची ठेवण बरोबर आहे म्हणाले. मग काहिलीवर बोट ठेवून म्हणाले, “पोरी, ह्यो पाक अजून कच्चा हाय. फेस उतरायच्या वक्ताचा हाय, पर रंग त्याच्या आधीचा. असा पिवळा पाक आमी कवा उतरत न्हाई.”

मी घरी येऊन पहिल्यांदा पडद्यावर पाहिले, कारण दोष छपाईचा असावा असे मनात होते. पडद्यावरही पाक पिवळाच होता. मग कच्ची फाइल उघडली आणि दहा मिनिटांत कारण सापडले. मामांच्या टोपीवर पिवळ्या बल्बचा उजेड होता, काहिलीवर मात्र दाराकडून येणारा सकाळचा उजेड पडला होता. टोपी पांढरी कर असे सांगितल्याबरोबर आज्ञावलीने साऱ्या चित्रातून बल्बचा तांबूसपणा काढून घेतला आणि जिथे बल्ब पोहोचतच नव्हता तिथला पाकही त्याबरोबर फिका झाला. जी निळी वाफ मला इतकी आवडली होती, ती याच चुकीतून आली होती. एका उजेडातल्या पांढऱ्याने मी दुसऱ्या उजेडातला गूळ मोजला, आणि वीस दिवस त्यावर काम करूनही मला ते दिसले नाही. ज्यांनी आयुष्यभर पाकाचा रंग पाहिला आहे, त्यांना ते एका नजरेत दिसले.

आठवणीवरून रंग सुधारता आला असता, पण माझी पाकाची आठवण आता त्या छायाचित्राने झाकून टाकली आहे. फेस, हात, वाफ तशीच ठेवून काहिलीचा थर मी आज पूर्ण पुसला. मामांनी उद्या पहाटे यायला सांगितले आहे. पहिली काहील साडेसातच्या सुमारास उतरेल. काहिलीच्या काठाशी धरण्यासाठी करडे कार्ड पिशवीत ठेवले आहे, आणि या खेपेला पाकाच्या वेगवेगळ्या अवस्थांचे रंग तिथेच बसून जलरंगात टिपायचे म्हणून छोटी वही आणि पाण्याची बाटलीही घेतली आहे.